ओटीचे गहू

युरोप कसा वाटला असं कुणी विचारलं की मी "छान" म्हणते आणि चहा टाकायला उठते. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतून युरोपला जाऊन आलेली मी काही पहिली नाही, पण कापडी पिशवी मांडीवर घेऊन गेलेली बहुधा पहिलीच. निम्म्या प्रवासातले माझे फोटो काढून बघा. मागे राजवाडा असो, पवनचक्की असो की पॅरिसचा तो मनोरा असो, पुढे मी आणि पोटाशी घट्ट धरलेली पिशवी. ग्रुपमधल्या लोकांना आधी वाटलं, बाईंचे दागिने असतील. मग वाटलं, औषधं असतील. आत होते पाच मुठी गहू, एक नारळ, हिरवा खण, हिरव्या बांगड्या, हळकुंड, सुपारी आणि हळदीकुंकवाच्या पुड्या.

ही ओटी माझ्या भाचीची होती. भाची म्हणजे वैजापूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक लेक. इंजिनिअरिंगला होती तेव्हा ती माझ्याकडेच राहायची. तिचे डबे मी केले, तिच्या तापात उशाशी मी बसले, कॉलेजच्या निरोपसमारंभाला तिला पहिली साडी नेसवली तीही मीच. आता ती नवऱ्याबरोबर जर्मनीत असते. तिला सातवा महिना होता. त्याआधी एकदा तिला दिवस गेले होते, पण ते राहिलं नाही. तेव्हापासून लेकीचा विषय निघाला की अक्काचा आवाज आपोआप खाली येतो.

अक्का आणि भाऊजी बाळंतपणाला जाणार होते. व्हिसा नाकारला गेला. का, ते इंग्रजीत लिहून आलं होतं. मी तीनदा वाचलं आणि तरी मला समजलं नाही. भाऊजींचा वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा व्यापार आहे. अक्का म्हणाली, "मी काय तिकडं कांदे इकाया चालले व्हते का?" आणि तो कागद चौघडी करून माझ्या हातात दिला.

माझी टूर मात्र आधीच ठरलेली होती. खरं तर ती आम्हा दोघांची ठरलेली होती. यांनी रिटायर झाल्यावर युरोपला जायचं म्हणून पेपरातली कात्रणं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती. हे गेले. पुढे बरेच दिवस मी ते कपाट उघडायची आणि लगेच लावायची. मग एके दिवशी हट्टाला पेटले आणि एकटीचं बुकिंग करून आले. त्या टूरमध्ये जर्मनीतल्या कोलोन गावी एक तासाचा थांबा होता. भाचीचं गाव तिथून आगगाडीनं जवळ. टूरमधून सुटून तिच्या घरी जायची सोय नव्हती, ग्रुप सोडायचा नाही अशी अटच होती. म्हणून तीच कोलोनला येऊन मला भेटणार होती.

हे कळल्यावर अक्का दुसऱ्याच दिवशी एसटीनं पिशवी घेऊन आली. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून तिनं एकेक वस्तू काढून दाखवली.

"ओटी तिथंच भरायची," ती म्हणाली. "सातव्यात भरायलाच पायजे. खाली नाय ठेवायची पिशवी. पायाजवळ तर नायच नाय."

"भरते की," मी म्हटलं.

अक्का फरशीकडं बघायला लागली. "तू नाय. तुमच्या ग्रुपात असंल ना कोनी सवाष्ण. तिच्या हातून भरून घे. तू म्होरं बस. तुला समजतंय ना मी काय म्हनते ते?"

"समजतं," मी म्हटलं.

मला राग आला. तोंडाशी खूप काही आलं होतं. त्या पोरीच्या डोक्याला तेल मी लावलंय, तेव्हा तुझी सवाष्ण कुठं होती, इथपर्यंत आलं होतं. पण गिळलं. अक्का खणाची घडी पुन्हा पुन्हा मोडून परत घालत होती. शिवाय खरं सांगायचं तर मीही तिच्याइतकीच घाबरलेली होते. ऑफिसात असताना हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलवा, कुणाला वगळू नका, म्हणून मी भांडले आहे. पण पोटातल्या जिवाचा प्रश्न आला आणि माझ्या हातानं काही झालं तर, असं मनात येऊन मी गप्प बसले. त्या दिवशी अक्काचा राग कमी आणि माझाच जास्त आला.

निघताना अक्का दारातून परत फिरली. "आन दाने आठवनीनं घे," म्हणाली. आमच्याकडं ओटी भरली की लेक त्यातलेच चिमूटभर दाणे परत देते, आणि ते माहेरच्या धान्यात मिसळायचे असतात. लेक सासरी गेली तरी घर रितं होत नाही म्हणतात. अक्का ते दाणे तिच्या कोठीत टाकणार होती.

तर अशी मी युरोपात उतरले. विमानात नारळ मोठ्या बॅगेत कोंबला होता. तिथं पोचल्यावर तो पिशवीत आला आणि पिशवी माझ्या मांडीवर आली. बसमध्ये मांडीवर, हॉटेलात दुसऱ्या उशीवर. जेवताना बाजूच्या खुर्चीवर ठेवायची, तर वाढपी येऊन ती उचलायला बघायचा. एका ठिकाणी बाथरूमला जायच्या फिरत्या दांड्यात मी आणि पिशवी दोघी अडकलो. मागे रांग, पुढे यंत्र, आणि कुणाला काय सांगावं ते सुचेना. शेवटी एका परदेशी बाईनं मला मागून चक्क ढकललं आणि मी सुटले. सकाळी कोरडा ब्रेड, दिवसभर गाइडच्या झेंड्यामागे पळणं, संध्याकाळी कुठल्याशा तळघरातल्या हॉटेलात पनीर. लोक म्हणत होते, बाई, जरा मोकळ्या व्हा. मोकळी कशी होणार? मला वाटायचं, एकदा कोलोन होऊ दे, मग मी बघते युरोप.

सवाष्ण मला मुंबईच्या विमानतळावरच सापडली होती. आमच्याच गावच्या, सिडकोत राहणाऱ्या एक बाई नवऱ्याबरोबर आल्या होत्या. हसऱ्या, बोलघेवड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला. "ताई, तुम्ही बिलकुल टेन्शन नका घेऊ. अशी भरते ओटी की पोरीला माहेर आठवलं पाहिजे," म्हणाल्या. मला मेलीला त्यांच्याविषयी कृतज्ञही वाटलं आणि त्यांचा हेवाही वाटला.

या बाईंची एक सवय होती. चर्च दिसलं की त्या दारात बूट काढायच्या. पॅरिसला गाइडनं समजावलं, "मॅडम, इथं बूट घालून गेलेलं चालतं." त्या म्हणाल्या, "त्यांना चालत असंल. देव तर देवच आहे ना?" मग त्या मोजे घालून आत आणि त्यांचा नवरा बाहेर बायकोचे बूट धरून उभा, असं प्रत्येक चर्चला झालं. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायची.

कोलोनच्या दिवशी सकाळी सिडकोच्या बाई जाकिटाच्या आत साडी नेसून आल्या. ओटीसाठी मुद्दाम नेसलेली. मला भरून आलं. हॉलंडच्या हॉटेलातून बस वेळेवर निघाली आणि मोठ्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. हलेचना. मी पुढे जाऊन टूर मॅनेजरला विचारलं, उशीर झाला तर थांबा वाढवाल ना? तो बिचारा तरुण, पण कडक. "मॅडम, ड्रायव्हरच्या तासांवर इथं मशीन असतं. त्याची वेळ संपली की बस जिथं असेल तिथं उभी राहते. मी काहीच करू शकत नाही." उशीर आमच्या थांब्यातूनच कापला गेला. तेवढ्यात भाचीचा मेसेज आला, तिची गाडी लेट होती.

मला त्या बसमध्ये काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. पळता येत नाही, ढकलता येत नाही, कुणाच्या हातापाया पडावं तर सगळे खिडकीबाहेर बघतायत. मी नुसती नारळावरून हात फिरवत बसले.

कोलोनचं ते चर्च बघून मान दुखते एवढं उंच आहे. रेल्वे स्टेशन त्याच्या शेजारीच. स्टेशनकडून चर्चकडे यायला रुंद पायऱ्या आहेत, तिथं भेटायचं ठरलं होतं. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. मी पायरीवर बसले, पिशवी मांडीवर. पोरीचा पत्ता नव्हता. सिडकोच्या बाई म्हणाल्या, "तोवर देवाला नमस्कार करून येते, ही आलेच बघा." त्यांचे मिस्टर बाथरूम शोधायला गेले होते. म्हणजे त्या दिवशी बूट धरायला कुणी नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

थोड्या वेळानं त्यांचा फोन. "अहो ताई, माझे बूट गेले!"

"गेले म्हणजे?"

"दारात काढले होते, भिंतीला लावून. आत जाऊन आले तर नाहीत. झाडणाऱ्यानं उचलले की कोणी नेले, काय माहीत. हे आत विचारायला गेलेत."

"अहो, तशाच या ना!"

"फरशी लई गार आहे हो, पाय बधिर झालेत. आणि मी इथून हलले तर ह्यांची चुकामूक होईल. आलेच मी, तुम्ही तिथंच थांबा," आणि फोन कट.

मी तिथंच थांबले, दुसरं काय करणार? उठून त्यांच्याकडं गेले तर पोर येऊन मला शोधत बसणार. बसून राहिले तर सवाष्ण तिकडं मोज्यांवर उभी. माझ्याजवळ गहू होते, नारळ होता, खण होता, आणि ओटी भरता येत नव्हती.

तेवढ्यात ती दिसली. स्टेशनच्या दारातून येत होती. कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती, केस कापलेले, चाल जड. माझी पोर ती. तिनं हात वर केला आणि माझे डोळे असे भरले की पायरीवरून उठताच येईना. ती पायऱ्या चढून आली, माझ्याशेजारी बसली आणि माझ्या गळ्यात पडली. मधे पिशवी आणि तिचं पोट. किती तरी वेळ आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि तोच वेळ आमच्याजवळ नव्हता.

"किती वाळलीस गं मावशी," ती म्हणाली. नेहमी मी तिला म्हणायची ते.

मी तिला बुटांचं सांगितलं. ती इतकी हसली की पोट धरून हसली, आणि मग हसायची थांबली. "तूच भर ना."

"नको."

"मावशी!"

"आईनं सांगितलंय तुझ्या."

"आई इथं नाहीये."

"म्हणूनच," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसून राहिली. तिला ते आधीचं, न राहिलेलं आठवलंय, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. मी तिच्या पोटाला हात लावला. तेवढंच मला करता येत होतं. आतून एक लाथ बसली.

समोर टूर मॅनेजर झेंडा घेऊन आला. लोक गोळा व्हायला लागले होते. "मॅडम, निघायला हवं."

मी त्याला मराठीतच म्हटलं, "बाळा, एवढी ओटी भरू दे रे." तो नाशिककडचा होता, त्याला कळलं. त्यानं घड्याळ बघितलं, मग स्टेशनकडं तोंड करून उभा राहिला.

आणि मग सिडकोच्या बाई आल्या. नवऱ्याचे बूट घालून, साडी एका हातानं वर धरून, फटक फटक करत धावत. मागून नवरा मोज्यांवर. बूट सापडले नव्हतेच. बाईंनी आल्या आल्या नवऱ्याचे बूट भिरकावले, त्या गार दगडावर अनवाणी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पूर्व कुठंय?" नवऱ्यानं फोनवर बघून नदीच्या बाजूला हात केला. पोरीला तिकडं तोंड करून बसवलं. तिनं गळ्यातली ओढणी पसरली.

मी पुढ्यात बसले, अक्कानं सांगितलं होतं तशी. पिशवीतून एकेक वस्तू काढून मी बाईंच्या हातात द्यायची आणि त्यांनी पोरीच्या ओटीत घालायची. हळदकुंकू लागलं, खण गेला, बांगड्या गेल्या, नारळ गेला. गव्हाची पुडी मी उघडी धरली आणि बाईंनी ओंजळीओंजळीनं गहू घातले. वाऱ्यानं थोडे उडाले. जाणारे येणारे थांबून बघत होते. पोर मात्र सबंध वेळ माझ्याकडं बघत होती, भरणाऱ्या हातांकडं नाही. सगळं रीतीप्रमाणं झालं. मला हायसं वाटलं आणि माझे रिकामे हात मला नुसते जड झाले.

शेवटी तिनं ओटीतले चिमूटभर दाणे उचलले. सिडकोच्या बाईंनी घ्यायला पदर पुढे केला. पोरीनं माझी मूठ उघडली, त्यात दाणे ठेवले आणि तिच्या दोन्ही हातांनी ती मूठ बंद केली. "घरी ठेव, मावशी," म्हणाली.

कुणाच्या घरी, ते विचारायला मला वेळ मिळाला नाही. बसच्या खिडकीतून शेवटचं दिसलं ते असं, की ती दोन्ही हातांनी ओटी सावरत सावकाश पायऱ्या उतरत होती आणि कुणीतरी अनोळखी बाई तिच्या कोपराला धरून तिला उतरवत होती. सिडकोच्या बाई माझ्याशेजारी बसून तळपाय चोळत होत्या. मी त्यांना माझे लोकरीचे मोजे काढून दिले.

हॉटेलवर गेल्यावर अक्काला फोन केला. तिनं सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. तोंड कुठं केलं होतं, नारळ गडगडला नाही ना, पोर कशी दिसती, पाय सुजलेत का. मग रडली. "तुझे उपकार झाले गं," म्हणाली. मला ते लागलं. बहिणीचे कधी उपकार होतात का? "आन दाने?" तिनं विचारलं. आहेत, मी म्हटलं.

पुढे मी बर्फ पाहिला, तळी पाहिली, पाण्यातलं ते गाव पाहिलं. पिशवी नव्हती, आता रुमालाच्या गाठीत गहू होते आणि रुमाल छातीशी. घरी आले. बंद घराचा कोंदट वास येत होता. खिडक्या उघडायच्या आधी, बूट काढल्याबरोबर, मी गव्हाचा डबा उघडला आणि रुमालाची गाठ सोडून ते दाणे त्यात टाकले. झाकण लावलं आणि डब्यावर हात ठेवून उभी राहिले. ती या घरात राहिली, या डब्यातल्या गव्हाच्या पोळ्या तिनं खाल्ल्या. "घरी ठेव" म्हणाली होती ना ती? मग ठेवले. मला फार बरं वाटलं.

सकाळी अक्काचा फोन आला. "दाने घेऊन कवा येती?"

मी सांगून टाकलं. "माझ्या डब्यात टाकले."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"बरं केलंस," अक्का म्हणाली. मग म्हणाली, "मला व्हिसा नाय दिला. ओटी भराया नाय भेटली. तिच्या पोटाला हात बी नाय लावला मी. तेवढे दाने यायचे व्हते."

तिनं फोन ठेवला. मी गव्हाचा डबा ओट्यावर पालथा केला. वर्षाचे गहू संपत आले होते, तळाला उरलेले तेवढेच होते. चष्मा लावून निवडायला बसले. पण माझ्या घरचे गहू दरवर्षी अक्काच्या शेतातूनच येतात, आणि ओटीचेही तिनं त्याच पोत्यातून काढलेले. एक दाणा दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसेना. किती वेळ मी ते खालीवर करत होते. मग सगळेच्या सगळे एका पिशवीत भरले आणि बसस्टँड गाठलं.

वैजापूरच्या एसटीत मला जागा मिळाली. कंडक्टर म्हणाला, "पिशवी खाली ठेवा की मावशी, वजन लई दिसतंय." राहू द्या, मी म्हटलं. मांडीवरच बरी होती.

अक्कानं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. तिनं स्वयंपाकघरात धुतलेली चादर अंथरली आणि माझ्या हातातून पिशवी घेऊन गहू त्यावर ओतले. मग आत गेली, तिच्या कोठीतले घमेलंभर गहू घेऊन आली आणि त्यावरच ओतले. आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि दोन्ही हातांनी ते कालवायला लागलो.

"लाथ मारली व्हती का गं?" अक्कानं खाली बघतच विचारलं.

"मारली ना. जोरात."

"कुठल्या हाताला?"

मी उजवा हात पुढे केला. तिनं तो तिच्या दोन्ही हातांत घेतला, गव्हासकट, आणि धरून ठेवला. बराच वेळ धरून ठेवला. मग सोडला आणि परत कालवायला लागली. गहू केव्हाच एक झाले होते, पण थांबायचं कुणालाच सुचेना. पोरीचे दिवस भरायला अजून अवकाश होता, आणि आमच्या दोघींच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.